ओल्या केसांची भानामती

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, म्हणजे बोलण्याचाच पगार खाल्ला. तरी एक गोष्ट या तोंडातून कधी बाहेर पडली नाही. नवऱ्याला सांगितली नाही – आणि ते तर असे होते, की खून केला म्हटलं असतं तरी आधी चहा टाकला असता. बहिणीला नाही सांगितली. देवापुढं हात जोडतानासुद्धा ती जरा बाजूला सारूनच जोडले. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि दाढेमुळं.

मागच्या महिन्यात माझी एक दाढ काढली. सुई देऊन जबडा बधिर केला, बारीक आवाजात गाणी लावली, आणि ती डॉक्टर पोरगी म्हणाली, "काकू, थोडं जरी दुखलं तरी हात वर करा, मी लगेच थांबते." एवढंच. मी त्या खुर्चीत हमसून हमसून रडायला लागले. ती बिचारी घाबरली, सुई नीट लागली नाही की काय म्हणून परत तपासू लागली. दुखत नव्हतं हो. हात वर केला की कुणी थांबतं – हेच मला सहन झालं नाही.

सुरुवात नाटकापासून करते. तिथून करणं मला सोपं जातं. बघा, माझी पळवाट मी आधीच सांगून टाकली.

मी तेव्हा उस्मानाबादला बी.ए. करत होते. गाव आमचं भूम तालुक्यातलं. एस्टी फाट्यावर सोडणार आणि पुढं पायी. गावातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळं नाक जरा वरच. दुसऱ्या वर्षाला इंग्रजीला एक नाटक नेमलेलं होतं – परदेशातलं, नावाजलेलं. आमचे सर तरुण होते. पत्र्याच्या वर्गात घामाघूम होऊन शिकवायचे आणि इंग्रजीला हात घालण्याआधी सगळी गोष्ट मराठीत सांगायचे, कारण आमचं इंग्रजी त्यांना चांगलंच ठाऊक होतं. तर गोष्ट अशी. फार पूर्वीचं एक गाव, देवाला भिऊन वागणारं, कडक. तिथल्या काही मुली करू नये ते करताना सापडतात – फार काही नाही, रानात जाऊन नाचतात. आता मार बसणार. मग त्या अंगात आल्यासारखं करतात, किंचाळतात, आणि आम्हाला चेटूक केलं म्हणून एकेका बाईचं नाव घ्यायला लागतात. आणि गाव ऐकतं! कोर्ट भरतं, शिकलेसवरलेले न्यायाधीश ऐकतात. एकीला थंडी वाजली की सगळ्यांना वाजते. एकीला दिसलं की सगळ्यांना दिसतं. शेवटी माणसं फासावर जातात.

वर्गातली पोरं हसली. काय येडपट लोक होते म्हणाली. मी पुस्तक मिटून वरचं लेखकाचं नाव बघत बसले. हा माणूस कधी भूमकडं आला होता का? आमच्या पाझर तलावाच्या कामावर? आमच्या ओसरीत यानं डोकावून बघितलं होतं का? सात समुद्रांपलीकडं बसून याला कसं कळलं, की भ्यालेली पोर काय करते? देवळात कधी वाटला नाही असा धाक मला त्या कागदाचा वाटला. धाक आणि – काय म्हणू – नमस्कार करावासा वाटला. मला कुणीतरी पाहिलं होतं.

सरांनी वाचायला भूमिका वाटून दिल्या. जी मुलगी हे सगळं सुरू करते, ती नेमकी माझ्या वाट्याला आली. बाकीच्यांनी पाढे म्हटल्यासारखे संवाद म्हटले. माझी पाळी आली आणि जिथं ती मुलगी ओरडते तिथं मी ओरडले. पोटातून. व्हरांड्यातून चाललेला शिपाई दारात थांबला. सर म्हणाले, "अगं, तुला हे शिकवलं कुणी?"

"कुणी नाही सर," मी म्हणाले.

शिकवलं होतं. तिचं नाव सोजर.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट आहे. मी तेरा वर्षांची होते. माझे वडील, आण्णा, गावच्या सहकारी सोसायटीचे सेक्रेटरी. एरवी सोसायटीच्या खोलीत खताची आणि बियाण्याची पोती असायची. त्या साली पेरायलाच काही नव्हतं, तेव्हा आण्णांकडं टँकरचं पाणी वाटायचं काम आलं. घरात दाणा नव्हता, म्हणून सेक्रेटरीची बायको असूनही माय पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. शाळा बंद, म्हणून मीही तिच्यामागं. त्या वर्षी मोठमोठ्या घरच्या बायका हातात हातोडी घेऊन उन्हात बसल्या होत्या. कुणी कुणाला हसायला जागा नव्हती.

सोजर गावचीच लेक. नवरा मेल्यावर सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं नाही, ती भावाच्या दारात परत आली, म्हणून आम्हा सगळ्या पोरींची ती आत्या. भावजय तिच्या पुढ्यात भाकरी टाकायची ती कुत्र्यापुढं टाकावी तशी. पण बाई हसरी. आणि दात असे, की हुरड्याचं भरलेलं कणीस. भाजलेले चिंचोके दाढेखाली धरून ती कटकन फोडायची आणि आतला गर आम्हा पोरींना वाटायची. आमच्याच्यानं ते फुटत नसत. त्या उन्हाळ्यात भर दुपारी माझ्या पोटात जे काही पडलं, ते कामावर वाटलेली सरकारी सुकडी आणि सोजरआत्यानं फोडलेले चिंचोके.

आणि ती नकला करायची. काय नकला! खडीच्या ढिगाला माप लावताना मुकादम एक डोळा बारीक करायचा, तो मुकादम. रुमालानं मान पुसत सगळ्यांवर खेकसणारा ओव्हरसियर. टँकरचा ड्रायव्हर. नुकतंच अंडं घातलेली कोंबडी. पुढं मी मोठ्या शहरांत नाटकं बघितली, नावाजलेले नट बघितले. खोटं नाही सांगत, सोजरआत्या हातोडी खाली ठेवून नुसती उभी राहिली की समोर मुकादम उभा दिसायचा. तहानेल्या, उपाशी बायका पोट धरून हसायच्या. मी तोंड उघडं टाकून बघत राहायचे. माणूस एका अंगात इतकी माणसं कुठं ठेवतो, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीटसं कळलेलं नाही.

सगळ्यात भारी तिचं कुत्रं. टँकर आला की सोसायटीच्या चेअरमनचं कुत्रं त्याच्यावर धावून जायचं, ते. मी हात धुऊन तिच्या मागं लागले, मला शिकव म्हणून. तिनं शिकवलं, सगळ्या बायकांच्या देखत. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणायची, "गळ्यातनं न्हाय गं, प्वाटातनं. खालनं उचल. आन् दम संपला की शेवटाला बारीक कुई कर. भुंकणाऱ्या कुत्र्याला बी भ्याव असतंय, ते दाव की."

ही कुई तिची. भुंकेल कुणीही. पण धावून येणारं कुत्रं आतून भ्यालेलं असतं, हे तिच्याशिवाय कुणाला सुचलं असतं? मी थोड्याच दिवसांत शिकले. माझी पाठ थोपटून ती म्हणाली, "माज्यापरास बरं भुंकतीस." त्या शाबासकीएवढी मोठी शाबासकी मला नंतर मिळाली नाही.

आता हंड्याचं सांगते.

टँकर येईल त्या दिवशी आण्णा सोसायटीच्या पायरीवर उभे राहून घरपरत पाणी वाटायचे, आणि वाटप झालं की एक हंडा बाजूला काढायचे. तो आमच्या ओसरीच्या कोपऱ्यात, तोंडाला फडकं बांधून ठेवलेला असायचा. आजाऱ्याचा हंडा. गावात कुणाला ताप भरला, कुणी बाळंत झाली, कुणाच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचं असलं, तर त्यातला तांब्या भरून न्यायचा. गावानं हे ठरवलं होतं आणि आण्णांवर भरवसा म्हणून तो आमच्या घरात ठेवला होता. आमचा धाकटा पाणी पाणी करून रडायचा, तरी मायचा हात त्या कोपऱ्याकडं जात नसे.

मी त्या हंड्यातल्या पाण्यानं केस धुतले.

प्याले असते तर गोष्ट वेगळी होती. तहानेलं लेकरू प्यालं, असं म्हणून तुम्हीही सोडून दिलं असतं. मी न्हाले. माझे केस लांबसडक होते, त्यांना किती दिवसांत पाणी लागलं नव्हतं. खडीची धूळ, घाम, उवा, जटा व्हायला आल्या होत्या. त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून मी घरी राहिले. आण्णा भूमला गेलेले, धाकटा मायबरोबर कामावर. डब्याच्या तळाशी चिमूट-दोन चिमूट शिकेकाई सापडली, आणि मग हात थांबलाच नाही. ते पाणी डोक्यावरून मानेवर उतरलं तेव्हा – सांगायला लाज वाटते, पण तसं सुख मला पुढं कशातही मिळालं नाही. लग्नात नाही, लेकरं झाली तेव्हा नाही. न्हाणीची भुई इतकी तापलेली होती, की पाणी तिनं तिथंच पिऊन टाकलं. हंडा खडखडीत झाला तेव्हा मी शुद्धीवर आले. घाबरून हंडा कोपऱ्यात ठेवला, वर पुन्हा फडकं बांधलं.

आणि वळले तर दारात माय. काम लवकर सुटलं होतं. तिच्यामागं शेजारच्या दोघीतिघी.

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात ओले केस कुणाचे नव्हते. चोरीचा माल माझ्या डोक्यावरून टपटप गळत होता. आण्णांची अब्रू, गावाचा भरवसा, पाठीत बसणारा मार, सगळं मला एका दमात दिसलं. मग मी काय केलं? जमिनीवर पडले. धुळीत लोळले, डोळे फिरवले आणि भुंकले. पोटातून. शेवटाला कुई.

तुम्हाला वाटेल, यावर कोण विश्वास ठेवील? तुम्ही आमच्याकडचे नसाल तर वाटेल. आमच्या भागात भानामती शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. कुणीतरी मंत्र घालतं, मग घरावर दगड पडतात, दोरीवरच्या लुगड्याला आपोआप आग लागते, चांगल्या बाया कुत्र्यासारख्या भुंकतात. शेजारीण किंचाळली, "अगं माय माय, भानामती! पान्याबिगर केस वले झाले पोरीचे!" मग कुणीतरी जाऊन हंड्याचं फडकं सोडलं. हंडा कोरडा. आणि त्या हंड्याला तर कुणी हात लावणं शक्यच नव्हतं! म्हणजे कुणी लावलाच नसणार. पाणी हंड्यातून आपोआप आटलं आणि पोरीच्या केसांत उतरलं. माणसाचं डोकं कसं चालतं बघा. मी खोटं बोलले ते भुंकण्यापुरतं. बाकीची गोष्ट त्यांनी माझ्या हातात आयती दिली.

मायनं माझं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या केसांत तोंड खुपसून ती रडत होती. शिकेकाईचा वास तिला आला नसेल? ती मरेपर्यंत त्यावर एक शब्द बोलली नाही. तिचं तिच्यापाशी. मी माझं सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी माझी मैत्रीण कमल भुंकली. मग तिची चुलतबहीण. मग कामावर, भर उन्हात, खडीच्या ढिगांमधून एकीपाठोपाठ एक – पोरी, नव्या सुना, एक तर चांगली जाणती बाई. आणि प्रत्येकीच्या भुंकण्याच्या शेवटी ती बारीक कुई. सोजरआत्याची कुई, साऱ्या माळावर! माझं नाटक होतं. त्यांचं नव्हतं हो. कमलची दातखीळ बसायची, डोळे पांढरे व्हायचे, भानावर आली की तिला काही आठवत नसे. ती आज नातवंडांची आजी आहे आणि अजून सांगते, मला भानामती झाली होती. तिला खोटी कोणत्या तोंडानं म्हणू? माझं खोटं तिच्या अंगात जाऊन खरं झालं होतं. हे कसं होतं, ते त्या नाटकातही मला सापडलं नाही. त्यानं नुसतं दाखवलं आहे, की होतं.

आणि घरोघरचे हंडे आटायला लागले. तहानेलं माणूस गुपचूप एक तांब्या जास्त प्यायचं आणि सकाळी म्हणायचं, भानामतीनं नेलं. सासू सुनेला विचारीना, भाऊ भावाला विचारीना. साऱ्या गावाला मिळून एक चोर सापडला होता. त्याला फक्त नाव नव्हतं.

मला बघायला गाव लोटायचा. एक दिवस सोजरआत्याही आली. मी भुंकले. ती उशाशी बसून ऐकत राहिली. बाकी सगळे चेहरे भ्यालेले होते, तिचा नव्हता. तिनं पदरानं माझ्या तोंडावरचा फेस पुसला आणि पुसता पुसता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "कुई झ्याक जमली गं. पर आता बास कर पोरी. कमलीचा जीव जाईल."

एवढंच म्हणाली आणि उठून गेली. त्यात धमकी नव्हती. ती मेली असती पण तिनं कुणाला सांगितलं नसतं, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं का? होतं. पण चोराच्या मनात चांदणं. हिला माहीत आहे – एवढं एकच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

मग देवऋषी आला. लांबच्या गावचा, मुद्दाम आणवलेला. सोसायटीपुढच्या चिंचेखाली आम्हा भुंकणाऱ्या पोरींना ओळीनं बसवलं, ऊद जाळला, कपाळाला अंगारा लावला. भोवती सगळा गाव. आण्णा पायरीवर, जिथं उभे राहून ते पाणी वाटत तिथंच. देवऋषी एकेकीपुढं येऊन विचारत होता, कुणी केलं, नाव घे. कमल नुसती भुंकली. तिच्यापुढची रडायला लागली. मी ओळीच्या टोकाला होते.

मला वेळ होता. हे नीट ऐका, कारण मनातल्या मनातसुद्धा हे वाक्य मी कायम गाळत आले. लहान होते, भ्याले होते, तोंडातून निघून गेलं – अशीच ही गोष्ट मी स्वतःला सांगत आले आहे. निघून गेलं नाही. देवऋषी सावकाश सरकत होता आणि मी विचार करत होते. त्याला कुणाचंही नाव चाललं असतं. परगावच्या कुणाचं, मेलेल्या कुणाचं. माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या पोरी तेच तर करत होत्या. मी गर्दीत सोजरआत्याला शोधलं. ती मागं उभी होती, गालात चिंचोका धरून. आणि मला हेही सुचलं, की तिनं मला भुंकायला शिकवलं ते कामावरच्या साऱ्या बायकांनी बघितलेलं आहे. गावाला पटेल. पटणारं नाव मी निवडलं. एखादा वकील साक्षीदार निवडील तसं, तेरा वर्षांच्या पोरीनं.

मी बोट केलं. "सोजरआत्या. तिनंच मला भुंकायला शिकिवलं."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मग सारी माणसं एकदम वळली, माझ्या बोटाच्या टोकापासून तिच्याकडं. घागरीसाठी एकमेकांची डोकी फोडणारी ती माणसं, एका अंगाची असल्यासारखी वळली. मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. मी दिपून गेले. एवढा मोठा गाव, आणि माझ्या एका बोटानं हलला! हेही मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी मी सोजरआत्याकडं बघतही नव्हते, मी गावाकडं बघत होते.

आमच्याकडं भानामती करणाऱ्याचे दात पाडायची रीत होती. दात गेले की मंत्राचे शब्द नीट फुटत नाहीत, मग मंत्र लागत नाही, अशी समजूत. मला तेव्हा हे माहीत नव्हतं – नाही, माहीत होतं. मोठ्या माणसांच्या बोलण्यातून ऐकलेलं होतं. मायनं मला फरफटत घरात नेलं, त्यामुळं मी बघितलं काही नाही, फक्त ऐकलं. नंतर कळलं, की सोजरआत्याच्या सख्ख्या भावानं तिचं डोकं धरलं आणि खडी फोडायचीच हातोडी होती. आण्णा पायरीवरून खाली उतरले नाहीत. ती मोठ्यानं एकदाच ओरडली. मग जरा वेळानं एक बारीक आवाज आला, दम संपल्यावर येतो तो. मी तो ओळखला. या वेळी ती नक्कल नव्हती.

त्यानंतर मी भुंकले नाही. म्हणून कमल थांबली, म्हणून सगळ्या थांबल्या, आणि हंडेही आटायचे थांबले. झालं, गावाला पुरावा मिळाला. सोजरआत्या गाव सोडून गेली. फाट्यापर्यंत तिला पोचवायलाही कुणी गेलं नाही.

आणि कॉलेजात सरांनी विचारलं, तुला शिकवलं कुणी, तर मी म्हणाले, कुणी नाही.

परीक्षेत प्रश्न आला – नाटकातल्या अनर्थाला जबाबदार कोण? मी पुरवण्या जोडजोडून लिहिलं. धर्म, सत्ता, अज्ञान, समाजाच्या मनातली भीती. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला. त्या उत्तरात ती मुलगी कुठंच नव्हती. पुढं मी प्राध्यापक झाले आणि ते नाटक वर्षानुवर्षं शिकवलं. माझा तो तास ऐकायला दुसऱ्या वर्गांतली पोरं येऊन बसायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

पण अजून संपलं नाही. जे सांगायला बसले ते अजून पुढंच आहे.

नाटक वाचलं त्याच वर्षी, चैत्रात, मी सोनारीला गेले. सोजरआत्या तिथं कुणा लांबच्या बहिणीकडं राहते असं कानावर आलं होतं. झोप उडाली होती माझी. तिला सगळं सांगायचं, पाय धरायचे, असं ठरवून गेले होते. एस्टीत बसून वाक्यं पाठ करत होते, परीक्षेला करावीत तशी.

काळभैरवाच्या देवळाच्या वाटेवर ती पोतं अंथरून नारळ आणि हळदकुंकू विकत बसली होती. माकडं हाकलायला जवळ काठी. गाल आत गेलेले. मायपेक्षा लहान ती, पण मायची आई शोभली असती. मला तिनं लांबूनच ओळखलं. "सेक्रेटरीची मंगल न्हवं?" शब्द हिरड्यांवरून घसरत येत होते. तिनं हात धरून मला पोत्यावर बसवलं आणि तांब्या पुढं केला. "उन्हातनं आलीस. आदी पानी पी."

मी प्याले.

तिनं मायची चौकशी केली. कमली बरी आहे का विचारलं. कॉलेजात आहे म्हटल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात वेणीपाशी आला आणि तिथंच थांबला. वेणी तिनं हातात धरली. मग हळूच म्हणाली, "येक इचारू का गं? त्या दिशी तू न्हाली व्हतीस न्हवं? आजाऱ्याच्या हंड्यातनं?"

मी पोत्यावरच्या नारळांकडं बघत राहिले.

"केस मऊ झाले व्हते का?"

राग नव्हता तिच्या आवाजात. टोमणाही नव्हता, ती खरंच विचारत होती. त्या उन्हाळ्यात त्याच धुळीत, माझ्या शेजारी तीही बसलेली होती. तिच्याही केसांना पाणी लागलेलं नव्हतं. एवढं सगळं होऊन त्या बाईला जाणून घ्यायचं होतं ते हे. मला काही सांगायचीसुद्धा गरज ठेवली नव्हती तिनं. मी नुसतं हो म्हणायचं होतं. पाठ केलेली सगळी वाक्यं माझ्याजवळ होती. नाटक वाचून झालेलं होतं. आता मी तेरा वर्षांची नव्हते, आणि वाटेवरच्या त्या गर्दीत आमच्याकडं बघणारंही कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "कसले केस, आत्या? मला तर काहीच आठवत नाही. भानामती झाली होती ना मला."

तिच्या तोंडावर म्हणाले. जिचे दात त्यापायी गेले, तिच्या तोंडावर.

तिनं वेणी सोडली. "व्हय," म्हणाली, "आसंल." आणि काठी उचलून माकड हाकलायला लागली. मी एक नारळ घेतला आणि परतीची एस्टी धरली.

तिला जाऊनही आता खूप वर्षं झाली. त्या दिवशी दाढ काढून घरी आले, तोंडात कापसाचा बोळा धरून बसून राहिले. माझे केस आता पांढरे झालेत, विरळ झालेत. नळाला चोवीस तास पाणी आहे.

केस मऊ झाले होते, आत्या. लई मऊ झाले होते.